ग्रहणातली सुई

बाळ रडलेलं मी ऐकलं, पण ते कुणी माझ्याजवळ आणेना. चिंचवडच्या त्या प्रसूतिगृहातली नर्स माझ्याकडे पाठ करून उभी होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्वतः बाळ माझ्या कुशीत ठेवलं. म्हणाल्या, "मुलगी आहे. क्लेफ्ट लिप आणि क्लेफ्ट पॅलेट आहे. घाबरू नका, बघा तिच्याकडे."

क्लेफ्ट लिप म्हणजे दुभंगलेला ओठ आणि क्लेफ्ट पॅलेट म्हणजे दुभंगलेली टाळू. वरचा ओठ थेट नाकपुडीपर्यंत उघडा होता आणि तोंडाच्या आत वरच्या बाजूला फट होती. मी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मला फक्त सुई आठवली.

सातव्या महिन्यात ग्रहण आलं होतं. आमच्या थेरगावात गरोदर बाईने ग्रहण पाळायचं म्हणजे दार लावून बसायचं, काही चिरायचं नाही की शिवायचं नाही. पण यांची सेकंड शिफ्ट होती आणि कंपनीच्या शर्टाचं बटण तुटलेलं. तसंच गेले असते तर सुपरवायझर बोलला असता. मी पटकन दोन टाके घातले. सासूबाईंनी ते पाहिलं.

बाळाला, म्हणजे आमच्या मंगलला, पहिल्यांदा बघून त्या एवढंच म्हणाल्या, "सुई धरू नगं म्हनलं व्हतं ना तुला?" पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही आणि काढायची गरजही नव्हती. मी सुई हातात घेणंच सोडलं. यांच्या शर्टाची बटणंही सासूबाईच लावू लागल्या.

मंगलला अंगावर पिता येईना. ओढायला गेली की फटीतून हवा जायची आणि दूध नाकातून बाहेर यायचं. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं, बाळाला ताठ धरा, घोट घोट पाजा, मध्येमध्ये ढेकर काढा. हे काम माझ्यापेक्षा सासूबाईंना छान जमलं. मला गुन्हेगार ठरवणारी ही बाई नातीला मांडीवर बसवून बोंडल्याने दूध पाजताना जागची हलायची नाही. मला त्यांचा संताप यायचा. आणि त्यांच्यावाचून पोर जगणार नाही, हेही कळत होतं.

पुण्याच्या दवाखान्यातले सर्जन म्हणाले, "पाच किलो वजन झालं की ओठ शिवू. टाळू नंतर, दीडेक वर्षाची झाल्यावर." झालं, सगळं घर वजनाच्या मागे लागलं. काळेवाडीचे किराणावाले इब्राहिमभाई तराजूच्या पारड्यात स्वच्छ पंचा अंथरून मंगलला ठेवायचे. वजन वाढलं नसलं की माझ्याआधी त्यांचा चेहरा उतरायचा. "वहिनी, धीर धरा, भरंल पोरगी," म्हणायचे आणि सासूबाईंच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे.

पोरगी भरली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सासूबाई शेजारीच उभ्या असताना, मी धीर करून सर्जनांना विचारलं, "मी ग्रहणात बटण लावायला सुई धरली होती. त्यानेच झालं ना हे?"

ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्यांनी विचारलं, "कितवा महिना होता?"

"सातवा."

"बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो आणि टाळू तिसऱ्यापर्यंत. तो फाटत नाही, जुळायचाच राहतो. का राहतो, ते दर वेळी आम्हालाही सांगता येत नाही. पण तुम्ही बटण लावलंत तेव्हा ही फट कधीचीच होती. तुमच्या सुईचा काही संबंध नाही."

मी तिथेच बाकावर बसून रडले. सासूबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी मंगल बाहेर आली ती ओळखू येईना. ओठावर बारीक टाके होते आणि हात तोंडाकडे जाऊ नयेत म्हणून कोपरांना पुठ्ठे बांधलेले. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "सुईनंच जुळिवलं की गं," म्हणाल्या.

पुढे टाळूचं ऑपरेशन झालं. तेव्हा फक्त दूध आणि गाळलेली पेज द्यायची होती, तिची रड ऐकवत नसे. त्यानंतर बोलणं नाकातून येऊ नये म्हणून फुंकर मारायचा सराव. जत्रेतली पिपाणी वाजवून तिने अख्ख्या आळीला वात आणला. कुणीही तक्रार केली नाही. आज ती शाळेत कविता म्हणते. घाईत बोलली तर आवाज जरा नाकात जातो, एवढंच.

तुमच्या घरी असं बाळ आलं तर आधी त्याच्या दुधाकडे बघा आणि मग सरळ दवाखाना गाठा. आईने काय चिरलं, काय शिवलं, ते विचारू नका. ती आधीच स्वतःला विचारत असते.

परवा ग्रहण होतं. मला पुन्हा दिवस गेलेत. दार लावून बसलो होतो, तेवढ्यात मंगल फ्रॉक घेऊन आली, बटण तुटलेलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या उठल्या, सुईदोऱ्याचा डबा आणला आणि सुई माझ्यापुढे धरली. ओठ देवाचं नाव घेत होते.

"लाव तू," त्या म्हणाल्या. "आन् झालंच तसं, तर काय करायचं ते आता आपल्याला ठावं हाय."