भावोजींचे आकडे

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, आमच्याच हॉस्पिटलात सोनोग्राफीचे टेक्निशियन होते. मी तिथेच अतिदक्षता विभागात नर्स. डोक्याला मार लागलेला पेशंट आला की मिटलेल्या पापणीवर जेल लावायचं, प्रोब अलगद टेकवायचा आणि डोळ्यामागच्या नसेच्या आवरणाची जाडी मोजायची, हे त्यांचं काम. मेंदूवरचा दाब वाढला की ते आवरण फुगतं; साडेपाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेलं की धोका. कवटीला भोक न पाडता कळतं. काम पाच मिनिटांचं, पण तेवढंही भावोजींच्या जिवावर यायचं. घरी जेवताना मात्र ऐकवायचे, "सर्जन माझ्या आकड्यांवर चालतात."

एकदा शिडीवरून पडलेला एक रंगारी आला. व्हेंटिलेटरवर होता, झोपेच्या औषधाखाली. दर दोन तासांनी मोजून लिहायचं होतं. दुपारी मी ड्युटीवर आले आणि तक्ता पाहिला. आठ, दहा आणि बाराच्या नोंदी अगदी सारख्या. उजवा डोळा ४.८, डावा ४.८. डाव्या डोळ्यावर तर आदल्या दिवसापासून टाके आणि जाड पट्टी होती.

दाराशी रंगाऱ्याची बायको बसली होती. म्हणाली, "मशीनवाले साहेब आज आलेच नाहीत, सिस्टर."

साहेब कॅन्टीनमध्ये पेपर वाचत होते.

"पट्टीखालून कसं मोजलंत?" मी विचारलं.

"अंदाज असतो गं. वीस वर्षं झाली या कामात. आणि घरच्या माणसानं जरा सांभाळून घ्यावं."

असल्या माणसाला सांभाळून घ्यायची मला शिसारी आली. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्वतः प्रोब धरला. उजव्या डोळ्यात ६.६ आलं. लगेच स्कॅन झालं, तासाभरात ऑपरेशन. रंगारी वाचला. आता शब्द शोधत बोलतो, ब्रश डाव्या हातात धरतो.

चौकशीत भावोजींनी आधी मशीनवर खापर फोडलं, मग माझ्यावर. त्यांची रेकॉर्ड रूममध्ये बदली झाली. घरी सांगितलं, प्रकृतीमुळे मागून घेतली. चेहऱ्यावर ओशाळल्याची रेघही नाही. उलट माझ्याशीच अबोला धरला.

मी ताईला सगळं सांगितलं. तिनं त्यांना एवढंच विचारलं, "त्या माणसाला मुलं किती?"

"मला काय माहीत?"

ताई उठून आत गेली. भावोजींनी टीव्हीचा आवाज वाढवला.