‘चला उठा’ची पाठमोरी बाई

चंद्रपूरच्या केबलवर रोज सकाळी ‘चला उठा’ हा कार्यक्रम लागतो. भाजीचे भाव, वाघ कुठे दिसला, आणि वीज इथेच तयार होत असली तरी ती आज कुठे जाणार, सगळं त्यात. त्याचं पहिलं बोधचिन्ह हरिदास पेंटरने रंगवलं. चॅनेलचे मालक बापूराव म्हणाले, उगवता सूर्य काढ. हरिदासने लालबुंद गोळा काढला आणि ऐन मे महिन्यात तो पडद्यावर झळकला. बाहेर काय आग कमी आहे, म्हणून लोकांनी फोन करकरून बापूरावांचं डोकं खाल्लं.

मग हरिदासने आपल्या मनानेच मोहाचं झाड काढलं आणि त्याखाली वाकून फुलं वेचणारी, टोपलीवाली पाठमोरी बाई. ती त्याची माय होती. आलापल्लीच्या जंगलात ती अंधारातच मोह वेचायला निघायची, लहानगा हरिदास तिच्या मागे. तो शाळेत जायच्या आधीच ती वारली. तिचा एकही फोटो नव्हता. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. सकाळी चहा घेऊन टीव्हीसमोर बसायचा, एवढंच.

पुढे कॉम्प्युटर आला. चिन्हातलं झाड गेलं, मग बाईच्या लुगड्याचा हिरवा रंग गेला. बाई राहिली, हरिदासने त्यातच समाधान मानलं.

यंदा कार्यक्रम मोबाईलवर न्यायचा होता. नव्या डिझायनर पुनमचं म्हणणं पडलं की पाठमोरी बाई कोण बघणार. बाई जाणार, या धास्तीने हरिदास धावत चॅनेलच्या ऑफिसात गेला आणि बापूराव, पुनम दोघांसमोर पहिल्यांदाच सगळं बोलून बसला. पोरगी मनाची चांगली. तिने त्याचाच फोटो काढला, कॉम्प्युटरला दिला आणि त्यावरून एका तरुण बाईचा चेहरा तयार केला. त्याचंच नाक, त्याचेच डोळे. बाई आता पडद्यातून समोर बघून हसत होती.

“अशीच होती का, भाऊ?”

हरिदास पडद्याजवळ वाकला.

“मले तिचं तोंडच याद नाई, पोरी. मी तिच्या मागंच चालत होतो. हे राहू देशीन तं उद्यापासून मले हेच याद राहीन. काढून टाक तिले. टोपली ठेव.”

पुनमने बापूरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा तिने बाई पुसली. हरिदास तिथेच खुर्चीत बसून रडला, आणि बापूरावांनी कोणालाही त्याला काही विचारू दिलं नाही.