सिंदेवाहीला नेलेले कोसे

येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर रेशमाचे कोसे पिकवणारी घरं आरमोरीच्या बाजूला आता थोडीच उरली आहेत. माझी मोठी आई सुगंधाबाई, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची बायको, त्यातलंच एक घर चालवते. हिवाळ्यात कोसे उतरवले की त्यातले सगळ्यात जड ती विकत नाही. देठाला देठ बांधून त्यांच्या माळा करते आणि घरात टांगून ठेवते. आत किडा झोपलेला असतो. पावसाच्या तोंडावर त्याचं पाखरू होतं, पाखरू अंडी घालतं, आणि त्या अंड्यांवर पुढचं सगळं वर्ष चालतं. उन्हाळ्यात किडा आतल्या आत वाळला तर वर्ष गेलं.

मागच्या वर्षी त्यांचं कवेलूच्या छपराचं मातीघर पाडून स्लॅबचं घर झालं. यंदाच्या मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकला आणि त्या घराच्या भिंतीला दुपारी हात लावता येईना. मोठ्या आईनं घरातला एकुलता कूलर कोशांच्या खोलीत नेला, खिडकीला ओली पोती बांधली. माणसांच्या बाजा कडुनिंबाखाली आल्या.

"माणसं बाहीर अन् किडे कूलरात," मोठे बाबा म्हणायचे. "पुढच्या जन्मी मी कोसाच होतो."

"व्हा ना. तुमाले बी देठाले बांधून लटकवतो," मोठी आई म्हणायची.

"अन् मी उन्हानं मेलो तं?"

"तुमी मेले तं सारा गाव जमा होईल. हे मेले तं कोन येते?"

मग दुपारची वीज जाऊ लागली. मेलेला कोसा कानाशी हलवला की चिंचोक्यासारखा वाजतो. जिवंत असला तर आत काही तरी जड, मऊ असं सरकतं. तिसऱ्या दिवशी तिला अकरा कोसे वाजणारे सापडले. तिची लेक उर्वशी सिंदेवाहीला असते, तिचं घर अजून मातीचं आहे, हातभर जाड भिंतींचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या आईनं सहा माळा दोन टोपल्यांत पळसाच्या पानांवर ठेवल्या. एसटीत धक्के फार बसतात, म्हणून वडशाहून रेल्वेनं जायचं ठरलं. दुसरी टोपली माझ्याकडे होती.

गाडीत आम्हाला दाराजवळ जागा मिळाली. टोपल्यांवर ओलं लुगडं होतं. गाडी धावत होती तोवर वारा त्या ओल्या कापडातून जायचा आणि टोपलीत घातलेल्या हाताला गार लागायचं. समोर लग्नाला निघालेली कलाबाई नावाची बाई बसली होती. तिनं वाकून पाहिलं.

"अंडे होत का जी?"

"नाई. झोपले हाय, बोलू नोका," मोठी आई म्हणाली.

कलाबाईनं खरोखरच आवाज खाली आणला.

नागभीड सुटल्यावर एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली. समोरून मालगाडी यायची होती. अर्धा तास गेला. डब्याचा पत्रा तापला, वारा पडला, लुगडं भिजवावं तसं सुकू लागलं. आमच्याजवळचं पाणी त्यातच संपलं. कलाबाईनं आपली बाटली पुढे केली तर मोठी आई म्हणाली, "राहू दे बाई. ते माणसाचं हाय." तिनं टोपलीत हात घातला आणि काही वेळ तसाच ठेवला.

"उतर," ती मला म्हणाली.

फलाटाच्या टोकाला करंजाचं झाड होतं, नव्या पानांनी गच्च भरलेलं, आणि शेजारी हातपंप. तिनं खालच्या फांद्यांना एकेक माळ बांधली, दोन माळा एकमेकींना लागणार नाहीत अशी. मग पदर खोचून हातपंप मारला आणि झाडाखालची सगळी जमीन भिजवली. कोशांवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. ओल्या मातीवरून येणारी हवा माळांना हळू हलवत होती.

मालगाडी धडधडत निघून गेली आणि आमच्या गाडीनं शिट्टी दिली.

"अवो बाई, चाला लवकर," कलाबाई खिडकीतून हाका मारत होती. "गाडी सुटून राह्यली."

मी जवळची माळ ओढायला गेले. मोठ्या आईनं माझं मनगट धरलं.

"सोड. घाईत ओढलं तं तो आत आपटते."

"अन् गाडी?"

"संध्याकाळी हाय ना दुसरी."

कलाबाई कपाळाला हात लावून बघत राहिली. डबे आमच्यासमोरून गेले आणि फलाट रिकामा झाला.

त्या दुपारी मोठी आई दर थोड्या वेळानं उठत होती. ऊन सरकलं की त्या बाजूची माळ सोडून सावलीत आणत होती. ती माळ सोडताना तिची बोटं बाळाची कुंची सोडावी तशी चालत. चार तासांत तिनं ती जमीन किती वेळा भिजवली ते मी मोजलं नाही. मी पंप मारते म्हटलं तेव्हा तिनं मारू दिला, पण पाणी कुठे टाकायचं ते तीच सांगत होती. मधूनच तिनं माझ्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला आणि सोबत आणलेली तांदळाची पेज माझ्या हातात दिली. तिच्या पायांच्या भेगांत चिखल वाळून पांढरा झाला होता.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही सिंदेवाहीला पोचलो तेव्हा उजेड होता. उर्वशीनं धान्याची खोली रिकामी करून ठेवली होती. दारातून आत पाऊल टाकताच पायाला शेणानं सारवलेल्या भुईचा गारवा लागला. उर्वशी म्हणाली, "माय, पयले बस तं खरी." मोठी आई बसली, पण टोपली मांडीवर घेऊन. एकेक कोसा ती अगदी हलक्या हातानं कानाशी नेऊ लागली. वाजणारा कोसा ती डाव्या बाजूला ठेवायची.

सहावी माळ संपली तेव्हा डाव्या बाजूला सात कोसे होते. उरलेले, दोनशेहून जास्त, जड होते आणि गप्प होते. तिनं ते सातही पुन्हा एकदा कानाशी लावून पाहिले, कुठे आपली चूक झाली असेल म्हणून. मग उठून माळा आढ्याच्या वाशांना बांधल्या.

"आता पानी दे वं," ती उर्वशीला म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पंपावर एवढा वेळ उभी राहूनही ती दुपारभर घोटभर पाणी प्यालेली मी पाहिली नव्हती. ती सलग तीन गिलास पाणी प्याली आणि तिनं भिंतीला पाठ टेकली.