टाकीवरचे भाऊसाहेब

आमच्या गावचे ग्रामसेवक नरहर पाठक, म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब, यांनी आयुष्यात एकच देव मानला, तो म्हणजे सगळ्यात कमी दर. काम झाडूचं असो की पाइपाचं, ते तीन दरपत्रकं मागवणार आणि सगळ्यात खालच्या आकड्याभोवती लाल गोल करणार. स्वतःच्या दाढीसाठीसुद्धा त्यांनी तालुक्याच्या गावी, मंठ्यात, तीन दुकानांत भाव विचारला होता. गालावरची खूण अजून आहे.

यंदा मे महिन्यात गावच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी लावायची ठरली. गावातल्या राधाकिसन वेल्डरनं नऊ हजार सांगितले, मंठ्याच्या रामप्रसादनं साडेचार, आणि तिसरा मध्येच कुठेतरी होता. राधाकिसन म्हणाला, "भाऊसाहेब, इतक्यात वेल्डिंगचे नुसते टाके बसतेत, ठिपक्याएवढे. सांधा पुरता भरत न्हाई." भाऊसाहेबांनी साडेचारवर लाल गोल केला. मी पंचायतीचा सदस्य, त्या कागदावर माझीही सही आहे. त्यामुळे मला फार हसता येत नाही, तरी हसतो.

बिल काढण्याआधी भाऊसाहेब तपासणीला स्वतः वर चढले. शिडीला चंदेरी रंग, दिसायला झकास. ते पाय उचलत आणि मागची पायरी निखळून खाली पडे. ठण्. ठण्.

"भाऊसाहेब, पायऱ्या पडून राह्यल्या," आम्ही खालून ओरडलो.

"तक्रार असली तर लेखी द्या," म्हणत ते चढत राहिले.

तीस फुटांवर, टाकीच्या छतावर पोचून त्यांनी खाली पाहिलं, तेव्हा शिडीचे दोन दांडे उभे होते आणि मधे नुसती हवा. भाऊसाहेब मटकन खाली बसले. माणूस खरंच घाबरला होता. गावात तेवढी लांब दुसरी शिडी नव्हती.

रामप्रसाद बिलासाठी आलेलाच होता. "काळजी करू नका, भाऊसाहेब. जल्दी टाके मारून देतो, अर्ध्या तासात. एक रुपया घेत न्हाई."

"माझे नऊ हजार," गर्दीतून राधाकिसन म्हणाला. "अन् तीन तास लागतील."

सगळं गाव वर बघायला लागलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत भाऊसाहेबांपुढे इतका कमी दर कधी आला नव्हता.

शेवटी वरून आवाज आला, "राधाकिसन, तूच कर. अन् घाई करू नको. बिलकुल घाई करू नको."

ऊन मरणाचं होतं. तीन तास ते डोक्यावर रुमाल टाकून बसले आणि प्रत्येक सांध्याला वरून विचारत राहिले, "भरला का बराबर?" उतरताना त्यांनी एकेक पायरी आधी पायानं ठोकून पाहिली.

पण सरकारी कागद कुणाला सोडत नाही. कमी दर नाकारला की फाइलमध्ये कारण लिहावं लागतं. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी फाइल उघडली, पेन चावत बराच वेळ विचार केला आणि त्या रकान्यात लिहिलं, "मी वर होतो."