सासूबाई आणि आमचं लिबरेटर

आमच्या सासूबाई माझ्याशी बोलायला लागल्या त्या एका बॉम्बर विमानामुळे.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. रडकी पोस्ट लिहिणार नाही. लिहिली तर सुनीता, म्हणजे आमची ही, मला घराबाहेर काढेल.

सासरे गेल्यावर सुनीता आईला पोलादपूरकडच्या गावातून महाडला आमच्याकडे घेऊन आली. एकुलती एक लेक. म्हातारीला तिथे एकटं कसं ठेवायचं?

पण सासूबाई जुन्या वळणाच्या. जावयाच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून जावं, राहायला गेलं तर लोक काय म्हणतील? कपड्यांची पिशवी त्यांनी उघडलीच नाही, खुंटीला टांगून ठेवली. दर सोमवारी एसटीची चौकशी.

आणि माझ्याशी थेट एक शब्द नाही.

मी समोर बसलेलो असताना सुनीताला सांगायच्या, त्यांना विचार भाकरी हवी काय. सुनीता घरात नसली की भिंतीला सांगायच्या. मीही भिंतीलाच उत्तर द्यायचो.

मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो. सगळी नोकरी एमआयडीसीत, क्वालिटी कंट्रोलमध्ये. रिकामा बसलो की सगळ्यांचं डोकं खातो, म्हणून सुनीतानेच माळ्यावरून माझं कॉलेजातलं खोकं काढून दिलं.

आत प्लास्टिकचं मॉडेल. दुसऱ्या महायुद्धातलं लिबरेटर. चार इंजिनं, पोटात बॉम्ब ठेवायची जागा. कॉलेजात असताना मी ते अर्धवट जोडून सोडलं होतं. जिथे तिथे गोंदाचे ओघळ, काचा पिवळ्या पडलेल्या, आणि अंगभर मोहरीएवढे रिव्हेट, म्हणजे पत्रा जोडायचे खिळे. खऱ्या विमानाला एवढाले रिव्हेट असते तर ते उडालंच नसतं.

ऑनलाइन ग्रुपवरचे एक्स्पर्ट म्हणाले, कचरा किट आहे, नवीन घ्या.

मग तर मी हट्टालाच पेटलो. हेच सुधारणार.

एक दिवस मी वॉटर पेपरने पंखावरचे रिव्हेट घासत बसलो होतो. सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवलं, माझ्या हातातला पंख घेतला, त्यावरून ओलं बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"इथं अजून खरखरीत हाय."

स्वयंपाकघरात सुनीताचं लाटणं थांबलं.

मी जपूनच म्हटलं, "घासा मग, आई."

भिंतीची नोकरी त्या दिवशी सुटली.

त्यानंतर बाई थांबेचनात. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट संपलं की त्याचं पारदर्शक प्लास्टिक माझ्या टेबलावर हजर. विमानाच्या सगळ्या खिडक्या त्याच्याच आहेत. चाकं त्यांनी काडेपेटीच्या काडीने रंगवली. वर, रंगाच्या वासाने चहा बिघडतो म्हणून मला बोलणीही बसायची.

आणि एका दुपारी शांतपणे म्हणाल्या, "हे इमान झालं का मी जाते गावाला. काम अर्धं टाकून जायचं नाय, म्हणून थांबलेय."

सुनीताचा चेहरा पडला.

मी मात्र मनातून खूश. ज्याचा जन्म माल रिजेक्ट करण्यात गेला, त्याला कोणी असं सांगतं का, की माल पास होईपर्यंत थांबते म्हणून?

रंग जाड बसलाय. रिजेक्ट.

इंजिनात वायरी दिसत नाहीत. रिजेक्ट.

बॉम्बची दारं उघडी दाखवू. मग आत बॉम्ब आले, ते टांगायच्या पट्ट्या आल्या. सुनीता म्हणाली, "अहो, हे आतलं कोणाला दिसणार?" मी तिला हळूच डोळा मारला. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच बायकोला माझं म्हणणं एका फटक्यात पटलं.

गावाहून कोणी भेटायला आलं, कधी येताय विचारलं, की सासूबाई तोऱ्यात सांगायच्या, माझं काम हाय इथं.

पण खोट काढून काढून किती काढणार? एक दिवस काढायला खोटच उरली नाही. जड मनाने विमान तीन चाकांवर उभं केलं. त्याने नाक वर केलं आणि ते सरळ शेपटीवर बसलं!

नाकात वजन भरायला मी खरोखरच विसरलो होतो. क्वालिटी कंट्रोलवाला मी. एवढा आनंद मला प्रमोशनचाही झाला नव्हता. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हशीवानी बसलंय, म्हणाल्या.

बाजारातून मासे पकडायच्या जाळ्याला लावतात ते शिसं आणलं. नाक फोडलं, शिसं भरलं, बुजवलं, घासलं, परत रंगवलं. मजेत दिवस गेले.

शेवटी विमान उभं राहिलं. ठणठणीत.

सुनीता दारात उभी. मी खोट शोधतोय, सापडत नाही.

सासूबाईंनी चष्मा पुसला. एक डोळा मिटून विमानाकडे मागून पाहिलं.

"जावईबापू, शेपटी वाकडी हाय. काढा."

मी गुण्या लावला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. शेपटी अगदी काटकोनात होती. वर बघितलं तर त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"हो आई, बरीच वाकडी आहे," मी म्हटलं, आणि काढली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या साड्या सुनीताच्या कपाटात लागल्या.

पुढे ती शेपटी कितीदा बसवली आणि कितीदा काढली, देव जाणे. त्या गेल्या तेव्हाही ती काढलेलीच होती. वर्षभर तिला हात लावायचं धाडस झालं नाही.

काल सुनीता म्हणाली, आता तरी चिकटवून टाका.

आज सकाळी चिकटवली. डोळे भरले, आणि या वेळी खरंच वाकडी बसली. राहू दे तशीच.

आई, इमान झालं.

तुमच्या लेकीचा आणि जावयाचा मनापासून नमस्कार.