मामांनी गिरणी थांबवली
गरम पिठाचा वास आला की केडगावचं घर आठवतं. एका संध्याकाळी, बहिणीचा प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि कॉम्प्युटर सुरू होताच पुन्हा रिस्टार्ट होत होता. मासिकासोबतच्या सीडीतलं अपडेट मीच गुपचूप टाकलं होतं, पण वडील म्हणाले, “गिरणीमुळं व्होल्टेज पडतंय.” शेजारच्या गिरणीवाल्या मामांनी डब्यांची रांग असताना गिरणी थांबवली. मी सेफ मोडमध्ये अपडेट काढलं आणि श्वास रोखून बसलो. या वेळी कॉम्प्युटर रिस्टार्ट झाला नाही, फाईल उघडली, बहिणीनं आनंदानं माझ्या पाठीत धपाटा घातला. दारातून मामा म्हणाले, “पोरी, माझ्या गिरणीनं लई तरास दिला बघ तुला.” मी सीडी हळूच दप्तरात सरकवली. तिची परीक्षा होईपर्यंत मामांनी संध्याकाळी गिरणी लावलीच नाही. मामा आता नाहीत. चूक माझी होती, हे लिहायला मला वीस वर्षं लागली.