उतारावरची दुसरी टेस्ट

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा परभणीबाहेरच्या माळावर आमच्या मोटार कंपनीचा कॅम्प होता. राज्य निजामाचं. गिअरची नावं इंग्रजीत, हुकूम उर्दूत आणि शिव्या आपल्या मराठीत. मी सोनपेठकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. लॉरीच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पहिल्याच झटक्याला नापास झालो.

जिंतूर रोडच्या उतारावर लॉरीनं वेग घेतला आणि माझी मती गुंग झाली. ब्रेक राहिला बाजूला. दोन्ही हातांनी स्टेअरिंग बैलांच्या कासऱ्यासारखं छातीकडं ओढलं आणि बोंबललो, "होऽ, होऽ!" लॉरी थांबली ती बाभळीच्या झुडपात. टेस्ट घ्यायला शेजारी बसलेल्या जमादारसाहेबांनी पगडी सावरली. "बैलां हांकरा क्या रे?"

नियम सरळ होता. पंधरवड्यानं एकदाच फेरटेस्ट. तीही राहिलेल्या भागाची न्हाई, सगळी पहिल्यापासून: लॉरी उलटी घेणं, चढावर थांबून मागं न सरकता निघणं, हाताचे इशारे आणि शेवटी तोच उतार. पुन्हा नापास झाला की ड्रायव्हरकी संपली, खोदकामाच्या तुकडीत रवानगी. तिकडं माझ्या बापानं अख्ख्या बाजारात सांगून ठेवलेलं की पोरगा सरकारी लॉरी चालवतोय. मला लय धास्ती बसली.

शेजारच्या खाटेवर शिवलिंग असायचा. चारठाण्याचा, बापाचं किराणा दुकान. गड्यानं जन्मात कासरा धरला नव्हता, म्हणून पहिल्याच टेस्टला पास.

"नाम्या, तुझं डोस्कं ठीक हाय. हात तेवढे बैलाचे हायेत," तो म्हणाला. "आता पायाला शिकवू."

त्यानं मला उलट्या बादलीवर बसवलं. हातात जेवणाची थाळी, ते स्टेअरिंग. उजव्या पायापुढं वीट, तो ब्रेक. बोलता बोलता मध्येच ओरडायचा, "उतार!" मी वीट दाबायची. थाळी छातीकडं आली की पुन्हा पहिल्यापासून. पुढं तर जेवणाच्या लाइनीतही ओरडायला लागला आणि माझा बूट पुढच्या जवानाच्या टाचेवर पडायचा. शिव्या मला, दात काढायला हा.

"पण तोंडातून 'होऽ होऽ' सुटायलंय की रे," मी म्हणालो.

"सुटू दे. पाय दाबला म्हंजे झालं."

टेस्टच्या सकाळी लॉरीत बसलो. शेजारी जमादारसाहेब, मागं कंपनीचे कॅप्टनसाहेब आणि काही जवान, त्यांत शिवलिंग. लॉरी उलटी घेऊन झाली, चढ झाला, इशारे झाले. उतार लागला. तेवढ्यात शेताच्या वाटेनं एक बैलगाडी रस्त्यावर आली. लॉरीचा आवाज ऐकून बैल बुजले आणि रस्त्यात आडवे झाले. गाडीत बाई, मांडीवर लेकरू.

"होऽ, होऽ!" मी ओरडलोच. पण हात जागचे हलले न्हाईत आणि पाय खाली गेला. लॉरी थांबली. बैलही थांबले.

"ड्रायव्हर चिल्लाया क्यूं?" मागून कॅप्टनसाहेब.

"बैलां के वास्ते, साब," जमादारसाहेब म्हणाले. "लॉरी पांव से रोका."

"पास."

खाली उतरल्यावर शिवलिंगनं मागून माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की डोळ्यांत पाणी आलं. पाणी काही गुद्द्याचंच नव्हतं.

पुढं आमी दोघं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलो. डोंगरातला रस्ता, गुडघाभर चिखल, एका अंगाला दरी. शिवलिंगची लॉरी पुढं, माझी मागं. एका वळणावर त्याच्या चाकाखालची कडा ढासळायला लागली. मी ओरडलो, "होऽ, होऽ!" पाय आपसूक खाली गेला. माझी लॉरी थांबली, मागं बसलेली माणसं वाचली. त्याची दरीत गेली.

सुट्टीवर आलो तसा चारठाण्याला गेलो. दुकान बंद होतं. त्याच्या आईनं एकच विचारलं, "चूक त्याची व्हती का रे?"

"न्हाई, काकू. त्यानं ब्रेक दाबला होता. चाकं थांबलेली मी ह्या डोळ्यांनी बघितली. रस्ताच थांबला न्हाई."